निजलेलं वार्निश

"गुपित गुपित म्हणताय, पण ते जपायला तुम्ही केलं काय?" वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत थोरलीला विचारलं. वडिलांमागे वार्निशचा कारखाना तिने एकटीने ओढला होता. पण कृती बाहेर सांगणार नाही असं कुणाकडून लिहून घ्यावं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपल्याच माणसांकडून कसलं लिहून घ्यायचं?

"भट्टीच्या खोलीला कुलूप असतं," ती चाचरत म्हणाली. "आणि कृती तिघांनाच माहीत. मला, आमच्या केमिस्टला आणि ह्याला."

हा म्हणजे शेजारच्या खुर्चीतला तिचा धाकटा भाऊ. त्याने कारखान्यात कधी हात काळे केले नव्हते, पण जाण्याआधी वडिलांनी दोन्ही मुलांना समोर बसवून कृती सांगितली होती. नदीपलीकडच्या कंपनीने हुबेहूब तसंच वार्निश बाजारात आणलं, तेव्हा थोरलीपेक्षा धाकटाच जास्त पेटला. तू एकटी कशी जाशील, म्हणत वकीलबाईंकडेही सोबत आला.

"केमिस्टचंच काम आहे, ताई. मी कधीचा ओरडतोय."

"ओरडून कोर्टात भागत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पुरावा मिळेपर्यंत कुणाला काही बोलू नका."

थोरलीला कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्या कामगारांदेखत केमिस्टकडून भट्टीच्या किल्ल्या काढून घेतल्या. बिचाऱ्याने चष्मा पुसला, छत्री घेतली आणि तो चालू लागला.

नदीपलीकडचे म्हणत होते, वार्निश आम्ही आमच्या प्रयोगशाळेत शोधलं. तेव्हा वकीलबाईंनी कोर्टात अर्ज करून त्यांच्या कारखान्याच्या पाहणीचा हुकूम मिळवला. कोर्टाने नेमलेला अधिकारी, दोन्हीकडचे वकील आणि ओळख पटवायला थोरली, असे सगळे आत शिरले. भट्टी नवी होती, लादी आरशासारखी लख्ख. राळ तेलात शिजून झाली होती आणि टर्पेंटाइन घालण्याआधी निवायला ठेवली होती. नेहमीचंच काम. पण पंखे बंद होते, शेजारचं यंत्र बंद होतं आणि धडधाकट माणसं चवड्यांवर चालत होती.

"हा काय प्रकार?" थोरलीने विचारलं.

"बाई, हळू!" तिथला मॅनेजर ओठांवर बोट ठेवून कुजबुजला. "ह्या वेळी आवाज झाला तर माल बिघडतो."

थोरली खो खो हसत सुटली. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. आणि हसता हसताच तिला कळलं, कृती इथे कुणी आणली ते.

बाहेर गाडीत बसल्यावर तिने वकीलबाईंना सांगितलं. लहानपणी दोघं भावंडं भट्टीपाशी हुंदडायची. राळ निवत असताना वडील दटावायचे, "वार्निश निजलंय, आवाज केलात तर फुकट जाईल!" मग पोरं श्वास धरून बसायची. पुढे थोरली कामाला लागली, तेव्हा भट्टीमागे पोत्यांवर घोरणारे वडील तिला सापडले. निजायचे ते, वार्निश नव्हे! ते ओशाळून हसले आणि म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस हं. त्याला खरं वाटतंय, वाटू दे." तिने नाही सांगितलं.

"आणि केमिस्ट?"

"तो बाबांच्या माघारी आला. आमच्याकडे राळ निवताना बाजूला गिरणी खडखडत असते. आवाजाचं त्याला माहीतच नाही."

"म्हणजे चोराने तुमच्या वडिलांची थापही चोरली," वकीलबाई म्हणाल्या. "आता विचारू त्यांना, ही शांतता कुठल्या प्रयोगशाळेत सापडली म्हणून." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमचे भाऊ माझ्या समोर बसून आपला सगळा डाव ऐकत होते, ताई."

धाकटा हल्ली कुठल्याशा कंपनीचा सल्लागार झाला होता. कुठल्या, हे तिने विचारलंही नव्हतं. ज्याच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या तिने बांधल्या, त्याने केसाने गळा कापला होता, आणि वर तिच्याच हातून एका भल्या माणसाची अब्रू घेतली होती. तिला संताप आला, रडू आलं आणि सगळ्यात जास्त लाज वाटली.

प्रतिज्ञापत्र तयार झालं. कृती बंद पाकिटात फक्त न्यायाधीशांपुढे जाणार होती, म्हणजे कोर्टात तिचा बभ्रा व्हायला नको. थापेची हकिगत मात्र उघड लिहिली होती, आणि तिच्याखाली धाकट्याचं नाव.

"हा परिच्छेद काढला तर?" थोरलीने विचारलं.

"तर त्यांच्या विक्रीवर मनाई हुकूम मिळणं कठीण. मग कारखाना किती तग धरेल, ते तुम्हालाच ठाऊक."

"त्याला एकदा भेटते, मग सही करते."

"भेटा. पण इथे, माझ्यासमोर."

तो आला. नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसला. "काय, सापडला ना केमिस्ट?"

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. मनाशी तिचं ठरलं होतं. त्याने एकदा, फक्त एकदा "ताई, चुकलो" म्हटलं, तर तो परिच्छेद खोडायचा. मग कारखान्याचं काय व्हायचं ते होवो. कारण विचारायचं नाही, रागवायचंही नाही.

तो वाचत गेला. नावापाशी आला तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कागद खाली ठेवला. थोरलीने श्वास रोखला.

त्याने खुर्ची वकीलबाईंकडे वळवली. "एवढ्याने सिद्ध होतं कोर्टात?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन थोरलीपुढे ठेवलं. थोरलीने सही केली. सही करून तिने मान वर केली, तरी धाकटा अजून वकीलबाईंच्याच तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.