कानापर्यंत न पोचलेली नळी

मित्रांनो, शिसवी लाकडाची, वीतभर लांबीची मी एक जुनी नळी. माझं एक टोक रोग्याच्या छातीवर आणि दुसरं डॉक्टरांच्या कानाला, एवढंच माझं काम. हैदराबादेत मी घडले. निजामाच्या राजवटीत डॉक्टर राधाकिशन मला बीडच्या दवाखान्यात घेऊन आले.

एका दुपारी चकलांब्याचा आश्रुबा बायकोला बैलगाडीत घालून आला. भिवराबाई तिचं नाव. बसल्या जागी तिचं काळीज एकाएकी धावू लागे. गाव म्हणे, हिला भुताची बाधा झाली. तिला गोठ्यात वेगळं ठेवलं होतं. तिच्या हातचं पाणीही कुणी पीत नसे.

मी तिच्या छातीवर टेकले. सुपात दाणे उडावेत तसे ठोके, मोजताच येईनात. डॉक्टरांनी तिला दम कोंडून पोटाला जोर द्यायला सांगितलं. तोंडावर गार पाण्याचं फडकं ठेवलं. फरक पडेना. तिचे ओठ काळवंडले. मग त्यांनी दोन बोटांनी तिच्या मानेची एक बाजू दाबली.

"गळा कावून दाबता, डॉक्टरसाब?" आश्रुबा ओरडला.

तेवढ्यात ठोके थांबले. माझ्या पोकळीत काहीच उरलं नाही. मग एक ठोका आला. सावकाश दुसरा.

डॉक्टरांनी मला आश्रुबाच्या कानाला लावलं. तो कितीतरी वेळ वाकून राहिला.

"हे तर काळीजच हाय," तो म्हणाला. "आत दुसरं कुणी न्हाई."

"मग मला घरात घेता का?" भिवराबाईने विचारलं.

"आजच."

"पुन्हा झालं तर दम कोंडायचा, गार पाणी लावायचं," डॉक्टरांनी आश्रुबाला बजावलं. "मान मात्र तू दाबू नकोस. इकडे घेऊन ये." त्यांनी थेंबांचं औषधही दिलं.

डॉक्टर एकटेच राहत. दोन वर्षांनी, रोगी निघून गेल्यावर, त्यांचंच काळीज तसं धावू लागलं. त्यांनी मला स्वतःच्या छातीला लावलं, मान वाकवली. मी कानापर्यंत पोचले नाही. पुन्हा लावलं, पोचले नाही. बाहेर दवाखान्यातली मोलकरीण छबुबाई अंगण झाडत होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. दम कोंडून एकटेच बसून राहिले.

त्या दिवशी ते धावणं थांबलं. पुढच्या खेपेला थांबलं नाही.

आता नव्या डॉक्टरांकडे दोन कानांची रबरी नळी आहे. मी कपाटात असते. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मित्रांनो. पण छातीत असं धडधडलं तर लाजू नका. जवळ जे कुणी असेल, त्याला हाक मारा.