उन्हात ठेवलेलं हेक्झेन

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली तर सरांच्या पदरात काय पडणार होतं? मान? त्याची हौस केव्हाच फिटली होती. पण प्रमुखाला कॉलेजच्या आवारात तळमजल्यावरचं घर मिळे. सरांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बायकोचे गुडघे कामातून गेलेले. खुर्ची सरांची, पण हिशोब सगळा गुडघ्यांचा.

त्यासाठी निवड समितीसमोर एक तास शिकवून दाखवायचा होता. प्रयोगशाळेतला मदतनीस सरांचा मेहुणाच. समितीच्या अध्यक्षांची नजर अधू, म्हणून सरांनी ऐन वेळी फर्मावलं, "टेबल खिडकीशी घे. साहेबांना रंग नीट दिसू दे."

"भाऊजी, तिथं भाजून निघाल. टोपी आणू का?"

"इथं सर म्हण. आणि उचल!"

तास सुरू झाला. सर रंगात आले. "हेक्झेन म्हणजे संसारात बुडालेला माणूस. कार्बनचे चारही हात गुंतलेले. ब्रोमीन दारात आलं तरी हा जागचा उठायचा नाही. हेक्झीनमध्ये मात्र दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरून बसलेत. त्यातली एक पकड सैल. ब्रोमीन दिसलं की सुटलीच, आणि ब्रोमीन अडकलं की त्याचा रंग गेला!"

मुलं हसली. एका काचनळीत हेक्झेन, दुसरीत हेक्झीन; दोन्ही नळ्यांत तांबूस ब्रोमीन पडलं. हेक्झीनमधला रंग हलवताक्षणी गेला, हेक्झेनमधला टिकला. सर बोलत राहिले आणि नळ्या उन्हात राहिल्या. अध्यक्ष चष्मा सावरत जवळ आले, तेव्हा दोन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ.

"तुमचा संसारी माणूसही उठला की हो!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मेहुण्यानं सरांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि पुढे झाला. "माझाच घोळ, साहेब. दोन्ही नळ्यांत एकाच बाटलीतलं ओतलं मी."

"असं होय!" अध्यक्षांनाच हायसं वाटलं. "मग सरांचा काय दोष? चालू द्या पुढे."

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सरांनी नळीकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"बाटल्या बरोबर आहेत," ते म्हणाले. "टेबल मी चुकीच्या जागी लावलं. उन्हानं ब्रोमीनच्या रेणूचे दोन तुकडे होतात. असा सुटा तुकडा भारी अधाशी. तो हेक्झेनचा हायड्रोजन ओढून काढतो आणि त्या जागी ब्रोमीन येऊन बसतं. अंधारात ठेवलं असतं, तर रंग राहिला असता. थांबा, दाखवतो."

त्यांनी नवी नळी भरून कपाटात ठेवली. ठरलेला धडा अर्धाच झाला. नळी बाहेर काढली तेव्हा ती तांबूसच होती, पण समिती चहाला निघून गेली होती.

खुर्ची सरांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला मिळाली.

"मी सावरून घेतलं होतं गं ताई," बाजारातून येताना मेहुणा जिन्यात कुरकुरला. "भाऊजींनाच राहवलं नाही."

"तुला धड खोटं बोलता येत नाही आणि त्यांना ऐकून घेता येत नाही. पिशवी धर."

तर एकंदर हिशोब असा: मुलांना एक प्रयोग जादा मिळाला. मेहुण्यावरचा ठपका टळला. सरांची मान ताठ राहिली. आणि ज्या बाईनं या सगळ्याची किंमत मोजली, ती दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून दम खात उभी होती. अजून एक मजला चढायचा होता.