दहाही बोटांना चीक

शहाबानोचं त्या दिवशी कशातच चित्त लागेना. भात करपला, तो तिने तसाच लेकीच्या, आयतच्या ताटात वाढला, आणि पोरीने नाक मुरडलं तर उलट तिलाच दटावलं. सकाळपासून ती गॅलरीत किती वेळा जाऊन आली, ते मोहल्ल्यातल्या समोरच्या दुकानदाराला विचारा. तिचा नवरा अमजद सौदीच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेला होता. ठसे उमटले की तो महिनाअखेर जाणार. आणि ते उमटू नयेत, याची तजवीज या बाईने स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती.

आता ती काही दुष्ट नव्हती, बरं का. पनवेलच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये ती मदतनीस. तिथल्या अरुंधती मॅडम उंबराच्या चिकावर संशोधन करत. खोडाला खाच पाडली की दुधासारखा चीक गळतो, तो बाटलीत धरायचं काम शहाबानोचं. "हातमोजे घाल गं," मॅडम कानीकपाळी ओरडायच्या. "यात फिसिन असतं, ते प्रथिनं तोडतं. उद्या जखमेवरचं मेलेलं मांस काढायला याचं मलमही निघेल. पण मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, हे त्याला कोण शिकवणार?" शहाबानो हो म्हणायची आणि मोजे खिशातच ठेवायची. मग एके दिवशी हजेरीचं मशीन तिचा अंगठा घेईना. बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. मॅडम रागावल्या, आणि हिच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं.

अमजदच्या उजव्या अंगठ्यावर चामखीळ होती. चामखिळीला उंबराचा चीक लावतात, हे तिच्या सासूबाईही सांगायच्या. तिने वाटीत चीक आणला, कापसाने अंगठ्याला लावला आणि लावता लावता बाकीच्या बोटांवरूनही फिरवला. "पसरू नये म्हणून," म्हणाली. खोटं कसं सहज निघालं तोंडातून. रोज जेवणं झाली की तो दोन्ही हात पुढे करी. बोटं लाल झाली, आग आग होऊ लागली, तरी त्याने कधी हूं की चूं केलं नाही.

मागच्या खेपेला तो गेला तेव्हा आयत पाळण्यात होती. परतला तेव्हा स्वतःच्या घरात पाण्याचे पेले कुठे ठेवतात, ते त्याला विचारावं लागे. आता न्हावा शेव्याला क्रेन चालवून घर नीट चाललं होतं. पण सौदीत दम्मामला असलेल्या त्याच्या थोरल्या भावाने, अबरारभाईंनी, परस्पर नोकरी ठरवली, आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची या घरात रीत नव्हती.

दुपारनंतर तिला वेगळीच धास्ती लागली. हा क्रेनवरचा माणूस, हातावर पोट. असल्या बोटांनी दांडा कसा धरत असेल? या अल्ला, हे काय करून बसले मी, असं ती भांडी घासताना स्वतःशीच म्हणत राहिली.

संध्याकाळी अमजद आला. चपला काढल्या, पेला घेऊन पाणी प्याला.

"नाही उमटले," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

तेवढ्यात अबरारभाईंचा फोन आला. अमजद उभा राहून बोलला. "हां भाई. डॉकवरचं काम ना, बोटं घासली गेली." चिकाचं नावही त्याने काढलं नाही. शहाबानो दारात खिळून उभी होती. फोन ठेवून तो चटईवर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"आज लावायचा नाही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"चामखीळ एका अंगठ्यावर होती, बानो. आणि ती केव्हाच गळून पडली." तो खाली बघत होता. "भाईंना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. म्हटलं, बोटं म्हणतील."

तिला रडू आलं, आणि संतापही आला, त्याचा आणि स्वतःचाही. दोघं मिळून किती दिवस हा पोरखेळ करत होतो आपण. तिने खोबरेल आणलं आणि एकेक बोट हलक्या हाताने चोळलं.

"चीक पुरे झाला. आता तोंडाने सांगा."

आणि तिनेच नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून अबरारभाई "बोल" म्हणाले. अमजदने तेलकट हाताने फोन घट्ट धरला.

"भाई," तो म्हणाला, "बोटं बरी झाली तरी मी येणार नाही."