मंगळवारचा रिपोर्ट

“मूठ आवळ,” मी म्हटलं. “आणि भिंतीकडे बघ. सुईकडे बघायचं नाही.”

पोरगी काही भिंतीकडे बघेना. तिच्या काडीसारख्या दंडावर मी रबरी पट्टा बांधला होता आणि शीर काही हाताला लागत नव्हती. पायांत चप्पल नाही, टाचांना बागेतला चिखल, केसांत सुकलेली फुलं. नाव लोर्ना, वय वीस, गोरी, नेब्रास्काहून पळून येऊन बागेतल्या हिप्पी पोरांत राहिलेली. शेजारी तिचा होणारा नवरा उभा होता, लमार गेन्स. कडक इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट. आमच्यातला, काळा. लुइझियानाचा. माझं माहेरही तिकडचंच, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच त्याचा हेल मी ओळखला.

लग्नाचा परवाना हवा तर आधी दोघांनी रक्त तपासून घ्यायचं, असा आमच्याकडे कायदा. सरकारी दवाखान्यात ते रक्त काढायचं काम माझं. अठरा वर्षं तेच करत होते. नवरानवरीचा चेहरा बघून लग्न किती टिकेल ते मी सांगायचे, आणि सहसा चुकायचे नाही.

रोज दवाखान्याच्या बाकावर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस डुप्रीला राहवेना. “काय रे सोल्जर, आपल्यातल्या पोरी संपल्या होय?”

“संपतील कशाला, मावशी? मला कुणी विचारलंच नाही!”

सगळा बाक खो खो हसला. लोर्नाही हसली. मी हसले नाही. घरी माझी व्हर्ना सव्वीस वर्षांची होऊन बसली होती. शिकलेली, देखणी, चर्चमध्ये गाणारी. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि जो लाखात एक म्हणावा असा पोरगा, तो ही अनवाणी पोर घेऊन माझ्यासमोर उभा.

“रिपोर्ट कधी मिळेल?” लमारने विचारलं.

“मंगळवारी.”

त्याचा चेहरा उतरला. “मंगळवारी नाही चालणार हो मावशी. सोमवारी पहाटे आमच्या तुकडीचं विमान आहे.”

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. अडुसष्ट साल होतं. आमच्या गल्लीतून चार पोरं व्हिएतनामला गेली होती, त्यातली दोन परत आली होती, एक पायांवर आणि एक पेटीतून.

“मग वर्षाने करा लग्न. पळून जातंय का कुठे?”

तो जवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला. “मला काही झालं, तर सरकार फक्त बायकोला नाहीतर आईला कळवतं. आईला मी हिच्याबद्दल सांगितलेलं नाही. आमच्या गावात गोऱ्या पोरीचं नाव काढलं तरी घर जाळतील. हिचे आईबाप तर माझं नाव ऐकलं की फोनच आपटतात. म्हणजे हिला कोण सांगणार? ही आपली पत्रं टाकत बसेल. आज शुक्रवार, परवान्याची खिडकी पाचपर्यंत उघडी आहे. काहीतरी करा ना.”

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. खाली तळघरात हॅलोरन बसायचा, तपासणीवाला. त्याला माझ्या हातचा रताळ्याचा केक फार आवडायचा. पंधरा दिवसांपूर्वीच एका वकिलाच्या मुलीचा रिपोर्ट मी त्याच्याकडून दीड तासात करून आणला होता. दोन बाटल्या घ्यायच्या, जिना उतरायचा, “हॅलोरन, एवढं कर रे” म्हणायचं. एवढंच होतं.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हटलं. “सगळ्यांना मंगळवार, तुम्हालाही मंगळवार.”

टोपी घालून लमार म्हणाला, “बरं, मावशी. त्रास दिला.” माझ्या आईने मला जसं वळण लावलं होतं, तसंच त्याच्या आईने त्यालाही लावलं असणार. तो ओरडला असता, टेबलावर हात आपटला असता, तर मी नंतर विसरूनही गेले असते.

मंगळवारी रिपोर्ट आला. दोघंही ठणठणीत. न्यायला कुणी आलं नाही. मी तो खणात ठेवून दिला.

ऑक्टोबरात एका सकाळी लोर्ना आली. केस मागे बांधलेले, पायांत बूट, अंगावर कुणाचा तरी मोठा काळा कोट. मी तिला ओळखलं ते हातावरून. मनगट कोटाच्या बाहीतून काठीसारखं बाहेर आलं होतं.

“मॅम, आमचा एक कागद इथे राहिला होता.”

“तो कसा आहे?”

“जूनमध्येच गेला. माझी सात पत्रं एकदमच परत आली, शिक्का मारून. मला वाटलं, पत्ता चुकला. मग नवा पत्ता शोधत फिरले. सप्टेंबरात त्याच्या मित्राने लिहिलं तेव्हा कळलं.” ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. “तो गेल्यावरही मी त्याला विनोद लिहून पाठवत होते.”

मी खणातून कागद काढून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. वर त्याचं नाव, खाली तिचं.

“याची मुदत केव्हाच संपली गं. काय करणार आहेस?”

“त्याच्या आईकडे जाते. दारात उभी राहिले की ती विचारणार, तू कोण? आमची दोघांची नावं असलेला एवढाच एक कागद आहे.”

एकटी गोरी पोर त्या गावात जाणार, याची मला धास्ती वाटली. तसं मी तिला सांगितलंही. तिने नुसती मान हलवली. मग कागदाकडे बघतच म्हणाली, “एक विचारू? अगदी खरं सांगा. तो गुरुवारीच चल म्हणत होता. बागेत गाणं चाललं होतं, मी म्हटलं, उद्या जाऊ, कुठे घाई आहे. गुरुवारी आलो असतो तर झालं असतं ना? माझ्यामुळेच राहिलं ना सगळं?”

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पोरी, शुक्रवारीसुद्धा झालं असतं. जिना उतरायचा तेवढा मी उतरले नाही, कारण तू गोरी होतीस आणि माझी व्हर्ना घरी बसली होती. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “गुरुवारी आली असतीस तरी मंगळवारच उजाडला असता. तुझी काही चूक नाही.”

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मिसेस डुप्रीनेही वर बघितलं. मग माझ्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली. मला तिच्या पाठीवर हात फिरवायचा होता. हात उचललाच गेला नाही.

डोळे पुसून ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“तुमचं नाव काय, मॅम? त्याच्या आईला सांगेन, तिकडे एक बाई आमच्याशी फार चांगल्या वागल्या.”

“ओडेसा प्रुइट,” मी म्हटलं.

टेबलावर वाकून तिने ते कागदाच्या मागे सावकाश लिहून घेतलं.