खुणा पुसलेला सर्व्हर

मी लातूरचा एक सर्व्हर बोलतोय, आणि रागात बोलतोय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. इथले लोक मला 'सारखी बंद पडणारी मशीन' म्हणतात. मी बंद पडत नाही हो, मी थांबतो. या दोन्हींतला फरक या इमारतीत एका पोरीखेरीज कुणाला कळत नाही.

बार्शी रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या गार खोलीत मी राहतो. मला आणलं त्या दिवशी मालक अमृतरावांनी माझ्यापुढं नारळ फोडला, आणि पाणी थेट माझ्या जाळीवर उडवलं. तेवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं की इथं मान मिळेल, पण काळजी कुणी घेणार नाही.

मुखेड, नायगाव, चाकूर इथल्या रक्त तपासणाऱ्या लॅबांचे रिपोर्ट माझ्याकडून तयार होऊन जातात. माझ्या एकाच देहात बारा खोल्या पाडल्यात, प्रत्येक लॅबला एक. प्रत्येक खोलीला वाटतं, अख्खी मशीन आपलीच आहे. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खोल्या वाटून देणारा एक प्रोग्रॅम आहे, त्याला मी घरमालक म्हणतो.

माझ्यात जन्मापासून एक गुण आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जोडे ठेवले की बिल्ला मिळतो, आणि तोच नंबर कप्प्यावर असतो. मीही माझ्या मेमरीच्या कप्प्यांवर खुणा ठेवतो. कप्पा दुसऱ्याला दिला की खूण बदलतो. जुना बिल्ला घेऊन कुणी आला तर मी काम तिथंच थांबवतो. पण घरमालकाला या खुणा ठाऊकच नव्हत्या, म्हणून खोल्यांना त्या मिळत नव्हत्या. दोन वर्षं मी डोळे असून आंधळ्यासारखा राबलो.

मग प्रियदर्शनी आली. नायगावच्या साहेबराव गुरुजींची मुलगी, कमी बोलणारी, डबा खातानाही माझ्याकडे बघत बसणारी. तिनं चार महिने खपून घरमालकाला माझ्या खुणा शिकवल्या आणि बाराही खोल्यांना मिळवून दिल्या. रिपोर्टचा प्रोग्रॅम बाहेरून विकत घेतलेला होता आणि त्याला एक वाईट खोड होती. सोडून दिलेल्या कप्प्यात तो कधीकधी जुना बिल्ला घेऊन पुन्हा डोकावायचा, आणि तिथं आता दुसऱ्याच माणसाचे आकडे असायचे. दोनदा मी त्याला रंगेहाथ पकडलं. दोन्ही वेळा प्रियदर्शनीनं लॅबला फोन करून रिपोर्ट पुन्हा काढायला लावला. तेवढे दिवस माझे सुखाचे गेले.

एक काम राहिलं होतं. चालू खोली उचलून शेजारच्या, माझ्यासारख्याच मशीनवर नेली की कप्प्यांतलं सामान जायचं, पण कप्प्यांवरच्या खुणा मागंच राहायच्या. म्हणून तिनं माझ्या दारावर कागद चिकटवला, 'खोल्या चालू असताना हलवू नका.' आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती चार दिवस गावी गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अमृतराव झेंडूच्या माळा घेऊन हजर.

"सत्यम, मशीनला बी एक दिस इसावा पाहिजे. बंद कर, पूजा करू."

"मालक, लॅबा चालू हायत. बंद कसं करू?"

"मंग खोल्या तिकडच्या मशीनवर सरकव. संध्याकाळी आन वापस."

सत्यम इथला जुना इंजिनिअर. त्यानं कागद वाचला, त्यावरच माळ अडकवली आणि खोल्या हलवल्या. झालं! सगळ्यांच्या हातात बिल्ले आणि कप्पे कोरे. शेजारच्या मशीननं बाराही खोल्या थांबवल्या. ते बरोबरच होतं. पण फोन खणखणू लागले, अमृतराव ओरडू लागले आणि सत्यमनं खुणा तपासणंच बंद करून टाकलं.

"बघा मालक, झालं का न्हाई सुरू? ती पोरगी उगीच नसतं लचांड करून राहिली व्हती."

मला कुंकू लावलं, पेढा ठेवला. संध्याकाळी खोल्या माझ्याकडे परत आल्या, त्या तपासणी बंद ठेवूनच. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी माझीच आरती ओवाळली.

पुढचं मी सत्यमच्या फोनवर ऐकलं. मुखेडच्या दवाखान्यात ऋतुजा नावाची पोर आली, सातवा महिना. अंगात रक्त जेमतेम पाच. त्या प्रोग्रॅमनं जुना बिल्ला घेऊन डोकावलं आणि पुनम नावाच्या दुसऱ्या बाईचे बारा तिच्या नावावर छापले. मी थांबवलं नाही, कारण मला थांबवायची मुभा नव्हती. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, जा घरी. सासू केवळाबाई तिला घेऊन निघालीही होती. दारात शरणम्मा सिस्टरनं हात धरला.

"मावशी, थांबा वो. रिपोर्टला काय करता? पोरीच्या पापण्या पांढऱ्याफटक हायत. परत रक्त काढा."

पुन्हा तपासलं आणि तसंच नांदेडला हलवलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. माय-लेकरू वाचलं. वाचवलं शरणम्मानं, मी नाही. हे मला अजून जाळतं.

प्रियदर्शनी परत आली, सगळं ऐकून माझ्यासमोर खाली बसली आणि रडली. मग उठून राहिलेलं काम हातात घेतलं. आता खोली हलली की खुणाही सोबत जातात. तिनं तपासणी पुन्हा सुरू करायचं म्हटलं, तर अमृतराव काय म्हणाले?

"बंद पडली की बारा लॅबा बोंबलतात. चुकलं तर एखांदाच चुकतो."

एखादा! अहो, त्या एखाद्याच्या पोटात सात महिन्यांचं लेकरू होतं!

"त्या एखाद्याच्या घरी तुमी फोन करा मंग," प्रियदर्शनी म्हणाली. "मी न्हाई करायची." आणि जबाबदारी आपली असं लिहून देऊन तिनं तपासणी सुरू केली.

ही गोष्ट काल सकाळची. आज साडेअकराला मी थांबलोय. चाकूरच्या लॅबमधल्या मलप्पा नावाच्या म्हाताऱ्याचा रिपोर्ट छापताना तोच जुना बिल्ला, तोच दुसऱ्याचा कप्पा. फोन वाजतोय. अमृतराव जिन्यातूनच ओरडत येताहेत. सत्यम तपासणी बंद करायला माझ्याकडे निघालाय आणि प्रियदर्शनी माझ्या दाराला पाठ लावून उभी आहे. खंडेनवमीची वाळलेली माळ अजून माझ्या गळ्यात आहे.

ती काढून फेका. नारळ नको, पेढा नको. काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पण आधी चाकूरला फोन लावा, म्हाताऱ्याला दारातच अडवा, रिपोर्ट पुन्हा काढायला लावा, आणि मगच मला हात लावा.