हालवार्डने काढलेला अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. नॉर्वेत एका खाडीच्या काठी किल्ला आहे, त्याच्या दरवाजामागे माझं आयुष्य गेलं. सुताराने मला ओकच्या खोडातून तासलं, लोहाराने माझ्यावर लोखंडी पट्ट्या ठोकल्या. मला उचलायला दोन गडी लागत. दोन वेढ्यांत मी मोडलो नाही, तेव्हा किल्लेदार एर्लेंड यांनी माझ्यावर पेलाभर बियर ओतून माझा मान केला होता.

पुढे महामारी आली. "कोणालाही आत घ्यायचं नाही," असा हुकूम सुटला. द्वारपाल हालवार्डने आणखी एका गड्याला हाताशी घेऊन मला खोबणीत बसवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, दाट धुक्यातून त्याच्या धाकट्या बहिणीची, गुनवोरची हाक आली.

"दादा, दार उघड ना! पोरगी गारठलीय रे."

"थांब गं, मालकांना विचारून येतो."

किल्लेदार म्हणाले, "आत चाळीस माणसं आहेत. एकीसाठी सगळ्यांना मारतोस?"

"एकटी नाही मालक, लेकरू आहे तिच्यासोबत."

"नाही म्हटलं ना!"

हालवार्ड परत आला आणि मला पाठ टेकून बसला. दार उघडलं नाही.

त्यानंतर दोन दिवस बर्फ पडला. हाक मात्र रोज दुपारी येई. तेच शब्द, तोच सूर. आवाज दमला नाही की चढला नाही. ती हाक आली की माझं लाकूड आतपर्यंत गार पडे.

मग खाडीतून एक कोळी होडीतूनच ओरडला, "हालवार्ड, तुझ्या बहिणीचं गाव संपलं रे! गुनवोरला न् पोरीला पुरून आज आठ दिवस झाले."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "दादा..."

त्याने मला एकट्याने उचललं. दार उघडलं. समोरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला. "ये, आत ये." माझ्यावरून गार वारा हळूच आत गेला.

त्याने मला पुन्हा लावलं नाही. संध्याकाळी डोंगरावरून तीन जिवंत माणसं आली, त्यांनाही त्याने आत घेतलं. किल्लेदार रागवायला आले नाहीत. दार बंद असतानाच त्यांना ताप भरला होता. शेवटपर्यंत त्यांना पाणी पाजलं ते त्या तिघांनीच.

आता मी भिंतीशी पडून आहे. मला कीड लागली आहे. मित्रांनो, मला तेल लावा, जपा. पण माझं कौतुक करायचंच असेल, तर मी मोडलो नाही म्हणून करू नका. त्या दिवशी मला बाजूला काढलं, म्हणून करा.