ताऱ्याचं सोयर

माझं लग्न याआधी दोनदा पुढे ढकललं गेलं, त्याला निदान माणसं तरी कारण होती. पहिल्यांदा गावचा एक भाऊबंद वारला. त्याला घरात कुणी कधी पाहिलेलंही नव्हतं, पण दहा दिवसांचं सुतक लागलं. दुसऱ्यांदा सुरतेच्या भाऊबंदाच्या सुनेला मुलगी झाली, तेव्हा दहा दिवसांचं सोयर. मरणाचं सुतक, जन्माचं सोयर, आणि दोन्हींत शुभकार्य बंद. तिसऱ्यांदा जे जन्मलं ते मुळात पृथ्वीवरच नव्हतं, आणि माझं डोकं फिरलं.

मी सर्वेश, वय एकोणचाळीस, एसी दुरुस्त करतो. कळव्याला आजोबांकडे राहतो. आजोबांचं नाव धोंडीबा, वय सत्त्याऐंशी, आणि भावकीत कुणाचं कुणाला काय लागतं हे त्यांना तोंडपाठ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी तो आजवर कधी मोडला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान नाही.

लग्न रविवारी होतं, हॉल डोंबिवलीचा. माझी चुलत बहीण संचिता पुण्याला ताऱ्यांवर पीएचडी करते, ती आठवडाभर आधीच येऊन राहिलेली. मंगळवारी दुपारी जेवता जेवता तिनं सांगितलं की अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोंत तिला धुळीच्या ढगाच्या पोटात एक नवजात तारा सापडलाय. तिच्याआधी तो कुणीच पाहिलेला नाही. आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला, कुणीच नाही ना, असं पुन्हा विचारून घेतलं, उठले आणि देव्हाऱ्यावर पडदा ओढून आले.

"सोयर लागलं," ते म्हणाले.

संचितानं आधी हसून पाहिलं, मग समजावून पाहिलं. धूळ साधा उजेड अडवते, म्हणून ढगाच्या आतलं नेहमीच्या दुर्बिणीला दिसत नाही. पण कुठलीही ऊबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारा एक उजेड सोडतच असते, त्याला इन्फ्रारेड म्हणतात, आणि तो धुळीतून बराचसा पार होतो. गॅस बंद केल्यावर तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की कळतं, तसंच हे. आपल्या हवेतली वाफ हा उजेड शोषून घेते, म्हणून दुर्बीण पंधरा लाख किलोमीटर लांब ठेवलीय. ती स्वतःच गरम असेल तर स्वतःच्याच उष्णतेनं आंधळी होईल, म्हणून पाच पदरी पडद्याच्या सावलीत, उणे दोनशे तीस अंशांत.

वीस वर्षं एसीत घालवलेल्या मी त्या आकड्याला मनातल्या मनात नमस्कार केला. आजोबांना मात्र तो अजिबात आवडला नाही. तान्ह्या बाळाजवळ एवढं गार कुणी नेतं का, असं म्हणून त्यांनी संचिताला लॅपटॉप शालीत गुंडाळायला लावला.

मी म्हटलं, त्या ताऱ्याचा आपल्याशी काय संबंध? पहिलं तोंड आपल्या मुलीनं पाहिलं, आजोबा म्हणाले. दुसरं कुणी येऊन माझं म्हणालंय का? कुणीच आलेलं नव्हतं. तो उजेड साडेचारशे वर्षांपूर्वी निघालाय, म्हणजे सोयर कधीच फिटलं, हा माझा दुसरा मुद्दा. त्यावर त्यांनी ऐकवलं की रंगूनहून पत्र उशिरा आलं तर पत्र हातात पडल्यापासून दिवस मोजायचे. शेवटी संचिताच माझ्या मदतीला आली. खरं तर तो अजून पुरता तारा झालेलाच नाही, म्हणाली, भोवतालचा ढग ओढून घेत वाढतोय.

"अंगावर पितंय म्हणजे जन्मलंय," आजोबा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी फिरली. कुणी झबलं-टोपडं आणलं, कुणी डिंकाचे लाडू. लाडू संचितानं मुकाट्यानं खाल्ले. शालीतून लॅपटॉप काढून तिनं लालसर ठिपका दाखवला, हे रंग आम्हीच भरतो हेही सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नाक थेट धोंडीबांचं वाटलं.

मी गॅलरीत जाऊन कल्पिताला फोन लावला. कल्पिता आंबिवलीची, ठाण्यात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि डोळ्यांत डोळे घालूनच बोलते. दुसऱ्याच भेटीत तिनं सांगितलं होतं की तिचं ऑपरेशन झालंय, तिला मूल होणार नाही, आणि हे घरी सांग. सांगतो, सांगतो म्हणत मी दोन वर्षं काढली. आजोबांना पणतू हवा होता, आणि मी भित्रा. दुसरं कारण नाही.

तिनं ताऱ्याची सगळी हकिगत ऐकून घेतली.

"सर्वेश, दोनदा मी गप्प बसले. आईबाबांना आंबिवलीत लोक विचारतात, मुलात काही खोट आहे का. आता तिसऱ्यांदा लग्न पुढे गेलं तर मी येणार नाही. आत्ता जा आणि त्यांच्याशी बोल. मी फोनवर आहे."

मी फोन स्पीकरवर टाकून आत गेलो. आजोबा झबल्याची घडी घालत बसले होते.

"आजोबा, लग्न रविवारीच होणार. तारा जन्मू दे नाहीतर मरू दे. आणि कल्पिताला मूल होणार नाही, हेही ऐकून ठेवा."

"ते तिनं मला साखरपुड्यालाच सांगितलंय," आजोबा म्हणाले. "तू कधी सांगतोस याची मी वाट बघत होतो."

झबलं मांडीवर ठेवून ते बोलत राहिले.

"संचितानंतर या घरात कुणी जन्मलं नाही. कल्पिता इथं आली की येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या पोटाकडे बघणार. आता मी सांगेन, आमच्याकडे बाळ झालंय, दुसरं नको. पण सोयर पाळलं नाही तर ते आपलं कसं रे? म्हातारा थट्टा करत होता म्हणतील."

मला एकदम रडू आलं. संचिता लाडू हातात धरून भिंतीकडे बघत होती. आता कल्पिता फोन ठेवणार असं मला वाटलं, आणि ठेवला असता तरी मी तिला दोष दिला नसता.

"आजोबा," तिचा आवाज आला, "दहावा दिवस कधी येतो?"

"पुढच्या गुरुवारी."

"म्हणजे बारावा शनिवारी. बारसं आणि लग्न एकाच दिवशी करू. सर्वेश, तू हॉलवाल्याला कळव. पाळणा मी घेऊन येते."